बिनविरोध

विधिमंडळाच्या ग्रंथपालाकडे सभागृहाचा इतिहास लिहायचं काम आलं होतं. तिसऱ्या निवडणुकीच्या तक्त्यात त्याच्या जिल्ह्यासमोर 'स्त्री सदस्य' या रकान्यात शून्य होतं, आणि त्याच्याच गावची जागा बिनविरोध गेली होती. ती का, ते पाहायला त्याने जुनी फाइल उघडली. निवडून आलेल्या आमदाराविरुद्ध एकच अर्ज आला होता, तो त्याच्या आईचा. शेवटच्या दिवशी तो मागे घेतला गेला होता. माघारीच्या कागदावर आईची सही होती आणि कागद कचेरीत आणून देणारे म्हणून वडिलांचं नाव.

घरात पाऊल टाकताच त्याने विचारलं, "आई, तू निवडणुकीला उभी होतीस? कधी बोलली नाहीस!"

वडिलांच्या गोळ्या डबीत भरता भरता आई लाजली. "कुठलं खूळ उकरून काढलंस रे! तेव्हा तू पोटातही नव्हतास. घरोघर फिरले होते मी. बायका म्हणायच्या, बाई, तूच येणार बघ."

"मग माघार का घेतलीस?"

"माघार? मी कशाला घेईन? माझा अर्जच बाद झाला." आतल्या खोलीत वडील खोकले, तसा तिने आवाज खाली आणला. "सही चुकली होती म्हणे. तुझे बाबा कचेरीतून आले ते दारातच हमसून रडले. त्यांची समजूत घालता घालता माझं रडायचंच राहून गेलं."