खाराची निवळी

शके अठराशे दोनच्या माघात आनंदाचं लग्न झालं, आणि पुढच्याच वैशाखात त्याच्या बायकोला, लक्ष्मीला, पहिल्या माहेरपणाला न्यायला तिचा बाप विठ्ठल कोपरीला आला.

उन्हं डोक्यावर होती. आनंदाची आई सगुणा परसात चुलीपुढे साबण ढवळत होती. नवरा आणि लेक दिवसभर मिठागरात उभे. पावलांना चिरा पडून त्यांत पू धरला होता. बंदरावरच्या सिद्दिणीने तिला आपल्या मुलखातला काळा साबण शिकवला होता. केळीच्या साली जाळायच्या, राखेतून पाणी गाळायचं, चुना घालून तो खार कातडं जाळण्याइतका कडक करायचा आणि वरची पाण्यासारखी निवळी तेलात आटवायची. सगुणाने घरचं करंजेल घेतलं होतं. हात थांबला की बुडाला लागतं, म्हणून ती बसल्या जागेवरूनच ओरडली.

"या इवाई! लक्षुमे, बापाला पानी दे गो!"

"पानी नको," ओटीवर टेकत विठ्ठल म्हणाला. "नातवाचं तोंड बघू, मग पिऊ."

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही रीत होती. पण दिवा गावाहून उन्हात चालत येऊन त्याचे ओठ सुकले होते.

"नातू काय आज सांजला होतोय?" सगुणा हसली. "का आमचं पानी खारट म्हनून नाक मुरडता? पोर दिलीत ती चालली, पानी तेवढं चालत नाय!"

टोमणा बसला. विठ्ठलही हसला. "आन गो बाय. घोटभर."

वैशाखात कोपरीची विहीर मचूळ होई. गोडं पाणी लांबून आणावं लागे, आणि ते झाकलेल्या मडक्यात फक्त पाहुण्यांसाठी असे. हे सगुणानेच लक्ष्मीला घरात आल्या आल्या शिकवलं होतं. त्या सकाळी मडकं रिकामं होतं, म्हणून उरलेली निवळी तिने त्यातच भरून ठेवली होती. सुनेला सांगायचं राहून गेलं.

लक्ष्मीने झाकण काढलं, तांब्या भरला आणि बापापुढे धरला. उष्टा होऊ नये म्हणून त्याने मान मागे टाकून वरून धार सोडली. खाडीकाठचा माणूस, मचूळ पाण्याला सरावलेला; चव बघत पिण्याची त्याला सवय नव्हती. दोन घोट सरळ घशाखाली गेले.

मग तांब्या ओटीवरून गडगडत अंगणात गेला. विठ्ठल छाती धरून वाकडा झाला. तोंडातून लाळ आणि रक्त येऊ लागलं.

सगुणा धावत आली. तिने तांब्या उचलला. बोटं बुळबुळीत झाली. तिने ती एकमेकांवर घासून पाहिली, आणि मान वर केली तेव्हा विठ्ठल तिच्याकडेच बघत होता. तिने ताक आणलं, तेही त्याला गिळवेना.

परसात साबण करपत होता. वासाने की लक्ष्मीच्या रडण्याने कोण जाणे, शेजारची ठमाबाई आली.

"काय झालं गो?"

"माझ्या हातचं पानी प्यायला बाबा," लक्ष्मी म्हणाली, "आनि असं झालं."

"पानी?" ठमाबाईने कपाळावर हात मारला. "नातवाआधी लेकीच्या घरचं पानी? मग दुसरं काय व्हायचं? आनि तू दिलंस, तुला कळत नाय?"



"ठमे, गप," सगुणा म्हणाली. "ते पानी नव्हतं..."

विठ्ठलने तिचं मनगट पकडलं. मरत्या माणसाच्या हातात एवढं बळ असतं हे तिला ठाऊक नव्हतं. त्याने मान हलवली. नाही. मग लेकीकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा मान हलवली. तिला सांगू नको.

सगुणाने बोलणं गिळलं.

लक्ष्मी ठमाबाईचे पाय धरून विचारत होती, "काय करू सांगा, कुठल्या देवाला जाऊ?" ठमाबाई तिला नवस सांगत होती. विठ्ठल ते ऐकत होता. त्याने सगुणाचा हात सोडला नाही.

विठ्ठल चौथ्या दिवशी, वैशाख वद्य नवमीला, दिवस उगवायच्या आत लेकीच्या घरी मेला.