बिनमेंबर

"उचलता किती वाजता?" मानीबाईनं दारातच विचारलं. ती जिनिंगमधून तशीच आली होती. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले.

उर्वशी बापाच्या उशाशी बसली होती. श्रावणला पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं होतं, डोक्याशी मेणबत्त्या जळत होत्या.

"पुसदहून आत्या आली की, मावशी."

"मंग तसं जिनिंगातल्या इंद्रजीतले सांगतो. तिरडी उचलली का मशीनी बंद करा लागते ना त्याले."

उर्वशी उठली. मानीबाईचा हात धरून तिला अंगणाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. दोन गल्ल्यांपलीकडून जिनिंगची घरघर येत होती. हंगामात ती दिग्रसच्या त्या भागात कधी थांबत नसे.

"बाबा युनियनमध्ये नव्हते, मावशी."

"मले नाही माहीत? युनियनचा चहाई नाही पेला त्या माणसानं."

"मग त्यांच्यासाठी कायले? नका करू फोन. लोक काय म्हणतील?"

"लोकं म्हणूनच राह्यले." मानीबाई हसली नाही. "पण संपाचा करार लेबर ऑफिसरसमोर झाला हाय. साऱ्याइले लागू. मेंबर असो का बिनमेंबर. आता मेलेल्याले पावती मांगू काय?"

उर्वशीला मान वर करता येईना. कामगाराची तिरडी उचलताना मशीन थांबवायची, हे कलम करारात कसं आलं ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. संपाच्या दिवसांत मानीबाईचा नवरा भावसिंग वारला. त्याला जिनिंगच्या गेटसमोरून नेलं, तेव्हा आत मशीन चालूच होती. चालवणारा श्रावण होता. त्या सकाळचा डबा उर्वशीनं भरून दिला होता. 'तुम्ही नका पडू संपात, बाबा,' असं म्हणणारीही तीच.

"मावशी, त्या दिवशी..."

"आज नाही," मानीबाई म्हणाली. "आज तुह्या बापाचा दिवस हाय."

आत्या आली. रडणं झालं. सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. चौघं तिरडीशी वाकले, तशी मानीबाई पुढं आली आणि तिनं आपला फोन उर्वशीच्या हातात दिला.

"लावला हाय. तूच सांग. मले नाही सांगता येत."

उर्वशीनं फोन कानाला लावला. पलीकडे मशीनींचा गदारोळ, आणि त्यातून इंद्रजीतचं ओरडणं. "उचलली काय? हॅलो? बोला ना. चालू ठेवू का?"

चौघं तिच्याकडे पाहत तसेच वाकून थांबले होते.

"हॅलो? चालू ठेवू?"

"थांबवा," उर्वशी म्हणाली.

आधी फोनमधला आवाज थांबला, मग गल्लीवरचा. शेजारच्या घरात कोणीतरी चमच्यानं भांडं ढवळत होतं, तेही ऐकू आलं. चौघांनी तिरडी खांद्यावर घेतली. माणसं चालू लागली.

उर्वशी दोन पावलं गेली आणि तिनं मागं वळून पाहिलं. मानीबाई अंगणातच होती. भिंतीला टेकून, पदर पुढं ओढून, डोळे मिटून उभी.

"चला ना, मावशी."

"जा तू, पोरी. मी येतो मागून," मानीबाई म्हणाली. तिनं डोळे उघडले नाहीत. "मले जराकसं ऐकू दे."