झाकणाच्या आतली खूण

कळ दाबताच वेळ वाजवून सांगणारं सोन्याचं जुनं खिशातलं घड्याळ माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. दुरुस्त करणारा झाकणाच्या आत आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो. इथे खूण बाबांची होती, तारीख मात्र ते वारल्यानंतर दोन वर्षांची. भिंग पुसून पुन्हा पाहिलं, बोटांवर वर्षं मोजली, डोकंच चालेना. घड्याळ घेऊन स्वयंपाकघरात शिरलो, तेवढ्यात कळ दाबली गेली आणि ते हातातच वाजलं. कांदा चिरणारी आई थांबली. “मिनिटं वाजवणारी हातोडी अजून अडखळतेय. मी तेव्हाच बदलायला हवी होती.” “तू? मग खूण बाबांची कशी?” “बाईच्या हाती सोन्याचं घड्याळ कोण देतं?” तिनं हात पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि संध्याकाळपर्यंत नवी हातोडी बसवली. खूण कोरायला मी सुई पुढे केली. तिनं ती झाकणावर टेकवली, पुन्हा उचलली. “माझी खूण कशी असते रे?”