नववा नियम

"नियम नववा," निकोलासाबाईंनी वहीतून वाचलं. "रिंगणात येणाऱ्या प्रत्येक जनावराच्या कानातले गोंडे काढलेले असावेत. जनावर कुणाचं, हे परीक्षकाला कळता कामा नये."

लिनो माईक हातात धरून बघतच राहिला. चाल्लुपाताच्या या जनावरांच्या प्रदर्शनाला नोंदणी मंडळाची मान्यता मिळावी म्हणून तो वर्षभर या बाईंबरोबर पुनो शहरातल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. अखेर मान्यता मिळाली. आज इथे पहिला येणारा नर आणि त्याची पुढची पिल्लं मंडळाच्या पुस्तकात चढणार होती. त्या वर्षभरात या नवव्या नियमाबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नव्हता.

"बाई, नियम आठच होते ना?"

"तू आठच वाचले असशील. प्रदर्शनाची प्रमुख मी आहे आणि वही माझ्या हातात आहे. चल, पुकार. लामा डावीकडच्या कुंपणात, अल्पाका उजवीकडे."

लिनोने पुकारलं. गर्दीत कुजबुज झाली. एका म्हातारीने कोकाची पानं चघळता चघळता बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कार्निव्हलच्या दिवसांत घराघरात लोकर रंगवून हे गोंडे वळतात, गाणी म्हणत, दारू शिंपडून जनावरांच्या कानांत ओवतात. ते भर जत्रेत कापायचे म्हणजे बाईमाणसाच्या डोक्यावरची टोपी उडवण्यासारखंच. तरी लोकांनी कात्र्या काढल्या. मान्यता कुणाला नको असते?

लिनोचं मात्र डोकं फिरलं होतं. हा नियम कुणासाठी आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या थोरल्या भावाचे, एव्हारिस्तोचे लाल-पिवळे गोंडे अख्ख्या तालुक्याला ओळखू यायचे. लागोपाठ चार वर्षं पहिला नंबर त्याचाच. परीक्षक गोंडे बघून फीत बांधतात, असं बाई घरोघरच्या चुलींपाशी बसून सांगायच्या. स्वतःची जनावरं मागे पडतात, हे कशाला सांगतील?

एव्हारिस्तो कुंपणापाशी उभा होता. त्याचा पांढराशुभ्र अल्पाका नर यंदा चार दाती, म्हणजे तीन वर्षांचा झाला होता आणि लोकर अशी की बोट घातलं तर बुडून जावं. त्यांच्या घरी नराच्या फक्त डाव्या कानात गोंडा असतो. याच्या मात्र दोन्ही कानांत गच्च गोंडे होते. लिनोने मागे चेष्टाही केली होती, "दादा, नवरदेव केलास की याला." त्यावर एव्हारिस्तो हसून म्हणाला होता, "राजा आहे तो."

आता तो हसत नव्हता. "मी कापणार नाही."

"दादा, बाद करतील."

"करू देत. आजीच्या वेळची रीत आहे आपली. त्या बाईच्या वहीपायी मोडू होय? थांब इथेच, ट्रक घेऊन येतो. घरी जाऊ." एवढा संतापलेला भाऊ लिनोने कधी पाहिला नव्हता.

आई गेली तेव्हा याच भावाने लिनोला वाढवलं होतं, स्वतः अर्धपोटी राहून शाळेत घातलं होतं. त्याने हातातोंडाशी आलेला मान असा सोडून जायचा? लिनो तडक बाईंकडे गेला.

"तीन वर्षांपूर्वी कार्निव्हलनंतरच्या गारपिटीत तुमचं अल्पाकाचं पिल्लू हरवलं, आठवतंय? दोन दिवस डोंगर कुणी पालथा घातला?"

"तुझ्या भावाने," निकोलासाबाई म्हणाल्या. "रिकाम्या हाताने परतला आणि माझ्या चुलीवरचं सूप पिऊन गेला होता. विसरले नाही मी."

"मग लाज कशी वाटत नाही हो?"

बाईंनी वही मिटली. "गोंडे काढ, नाहीतर रिंगणाबाहेर."

त्याच क्षणी लिनोने ठरवलं, हिला जिंकू द्यायचं नाही. गोंडे काढूनही नर पहिला येईल आणि हिचं तोंड कायमचं बंद होईल. दादा नंतर रागावला तर रागावू दे. त्याने शेजाऱ्याची कात्री घेतली, माईक काखेत धरला आणि नराला मेखेला बांधलं.

डावा गोंडा एका झटक्यात सुटला. तिथे सुईचं बारीक भोक होतं, बाकी कान शाबूत. लिनोला बरं वाटलं. त्यांच्या घरी फक्त दोरा ओवतात, जनावराचा कान कापत नाहीत. निकोलासाबाईंच्या घरच्यांसारखं कार्निव्हलला खुणेसाठी पिल्लांच्या उजव्या कानाच्या कडेचा अर्धचंद्र कातरून रक्त काढत नाहीत.

उजवा गोंडा मात्र सुटेना. गाठीवर गाठ मारलेली होती. लिनोने कान मुठीत पकडून कात्री चालवली.

तेवढ्यात लामांचं परीक्षण आटोपून मंडळाचे परीक्षक, इंजिनियरसाहेब, अल्पाकांकडे वळले. जमिनीवरचा रंगीत ढीग बघून ते थबकले.

"अहो, एवढे सुंदर गोंडे कुणी कापायला लावले?"

"तुमच्याच मंडळाने," लिनो फणकारला. "नियम नववा."

"आमचे नियम आठच आहेत. गोंड्यांबद्दल त्यात काहीच नाही."

उजवा गोंडा खाली पडला. कान मुठीतच ठेवून लिनोने कात्री टाकली आणि दुसऱ्या हाताने माईक तोंडाशी नेला. भोंग्यातून त्याचा आवाज अख्ख्या मैदानावर घुमला.

"ऐकलंत मंडळी? नियम खोटा आहे. या बाईने तो घरी बसून रचला. सांगा ना बाई, सगळ्यांसमोर सांगा, कुणाला उघडं पाडायचं होतं तुम्हाला?"

लांबून एव्हारिस्तो हात हलवत धावत येत होता. काहीतरी ओरडत होता, पण भोंग्यापुढे ते ऐकू येत नव्हतं.

निकोलासाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"हातातला कान बघ, लिनो."

लिनोने मूठ उघडली. कानाच्या कडेला अर्धचंद्र होता.