तळघराची नोंद

माझा नवरा ऑर्विल वारला, तरी घराच्या नोंदी माझ्या फोनवर येतच राहिल्या. दिवे, दारं, पाइप, सगळीकडे त्यानेच सेन्सर बसवले होते. त्यातला तळघरातला दिवसभर एकच लावून धरायचा: कोणीतरी आहे. कोणी नाही. कोणीतरी आहे.

"बिघडलाय गं तो, आई," सिग्ने वैतागून म्हणाली. "डलुथच्या या थंडीत पाइप गोठला, तर एवढ्या नोंदींच्या कचऱ्यात तुला कळणार तरी आहे का?"

"राहू दे की. तुझं काय खातोय?"

"रोज कटकट तूच करतेस."

ते खरं होतं. मी मान डोलावली आणि लेकीने तळघर फोनवरच्या नोंदींच्या यादीतून वगळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादीत एकच ओळ होती: मागचं दार आतून उघडलं.

मी बघायला गेले. दारापाशी ऑर्विलचे बर्फातले बूट असायचे. ते हलवायचा धीर मला झाला नव्हता. आता ते तिथे नव्हते. बाहेर ताज्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मी तळघर पुन्हा यादीत घेतलं. तेव्हापासून तिथे एवढंच येतं: कोणी नाही.

मी खाली जाऊन त्याच्या स्टुलावर बसते, तेव्हाही.