सहा मिनिटांची सरासरी

"आता सहा मिनिटं कुणी हलायचं नाही. आणि फोन बंद म्हणजे बंद, नुसता आवाज घालवलेला नव्हे," निवृत्त प्राध्यापकांनी बजावले आणि लाकडी तिवईवरच्या यंत्राचे बटण दाबले.

मोबाइलच्या लहरी मोजून सहा मिनिटांची सरासरी सांगणारे हे यंत्र त्यांच्या जुन्या महाविद्यालयातून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेले होते. खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडच्या गच्चीवर, मोबाइलचा टॉवर उभा होता. खोली त्यांच्या मुलाची आणि सुनेची. साऱ्या इमारतीत टॉवरला हीच सर्वांत जवळची, म्हणून मोजणी इथे.

सून पलंगाच्या कडेला फाईल छातीशी धरून बसली होती. टॉवर हटवण्याच्या अर्जावरच्या एक्क्याऐंशी सह्या तिने एकटीने, जिने चढून-उतरून गोळा केल्या होत्या. अर्जाला तक्रारींचा तक्ता जोडलेला होता. डोकेदुखी, अकरा. निद्रानाश, नऊ. चिमण्या दिसेनाशा होणे, चार. गर्भपात, दोन. शेवटचे दोन्ही एकाच घरातले होते आणि ते घर हेच होते.

दुसऱ्याच मिनिटाला आकड्याने उडी घेतली.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" सोसायटीचे सेक्रेटरी ओरडले. "नुसता ओकतोय!"

सून ताडकन उभी राहिली. दारातून सासूबाई लगबगीने आत आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

प्राध्यापकांनी आकडा पाहिला. मग सेक्रेटरींना नखशिखांत न्याहाळले. "खिशात काय आहे?"

"फोन. पण आवाज बंद आहे हो, सर. अख्ख्या इमारतीचा कारभार, कधी कुणाचा येईल सांगता येतं का?"

"टॉवरपेक्षा तुमचा खिसाच जास्त बोलतोय. बाहेर ठेवून या. पुन्हा पहिल्यापासून."

फोन बाहेर गेला. पुन्हा सहा मिनिटे सुरू झाली. सेक्रेटरींचा हात दर अर्ध्या मिनिटाला रिकाम्या खिशाकडे जाई आणि परत येई. सून बसली, उठली, पुन्हा बसली. सासूबाईंचा हात मात्र तिच्या पाठीवरून हलला नाही.

प्राध्यापकांनी आपले हात पाठीमागे बांधून घेतले होते. प्रयोगाआधीच उत्तर ठरवून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण त्यांनी चौतीस वर्षे बिनदिक्कत कापले होते. आज यंत्राच्या पडद्याकडे बघताना आपल्या मनात काय चालले आहे, हे त्यांना नेमके कळत होते. वाढ, ते मनात म्हणत होते. थोडा तरी वाढ. टॉवरवर संशय गेल्यापासून या घरात सुनेची नोकरी, दिवस गेले असताना तिचे जिने चढणे, तिचे उशिरा झालेले लग्न यांची उजळणी थांबली होती. पाठीवरचा तो हातही तेव्हापासूनचा.

यंत्र वाजले. त्यांनी चष्मा पुसला, आकडा वहीत लिहिला आणि लिहिलेला पुन्हा पडद्याशी ताडून पाहिला.

"मर्यादा शंभर धरली," ते म्हणाले, "तर इथे एकसुद्धा भरत नाही."

"यंत्र जुनं असेल," सेक्रेटरी म्हणाले.

"गेल्याच महिन्यात तपासलेलं आहे."

"मग माझ्या मेव्हण्याचं आणतो. त्याच्यात लाल दिवा लागतो."

"कधी?"

"टॉवरसमोर धरलं की."

"आणि टॉवर नसेल तिथे धरलं तर?"

"तिथे कशाला धरू, सर?"

कुणी हसले नाही. सुनेने फाईल मांडीवर ठेवली, तिच्या कडा सारख्या केल्या. "म्हणजे बाबा, टॉवरमुळे नाही झालं?"

खोटे बोलायला एकच शब्द पुरला असता. 'कदाचित' हा शब्द त्यांच्या जिभेवर येऊन बसला होता.

"नाही," ते म्हणाले. "टॉवरमुळे नाही."

सासूबाईंचा हात खाली आला. "मग कशामुळे?"

"बहुतेक वेळा कशामुळेच नसतं. सुरुवातीलाच पेशींची जुळणी चुकते. नाणं उलटं पडतं ना, तसं. त्यात नाणं टाकणाऱ्याचा दोष नसतो."

"नाणं दोनदा उलटं पडतं?"

"दहादासुद्धा पडतं."

"तुमच्या पुस्तकात पडत असेल. कारणाशिवाय पान हलत नाही," सासूबाई म्हणाल्या. "टॉवर नाही, तर मग..." वाक्य पुरे करण्याची गरज त्यांना वाटली नाही. त्या दाराकडे वळल्या. सेक्रेटरी एव्हाना फोन आणायला बाहेर पळाले होते.

प्राध्यापक तिवईचा स्क्रू सैल करू लागले. जो आकडा टॉवरला सोडवतो, तो दुसऱ्या कुणाला अडकवत नाही, हे वाक्य त्यांच्या मनात पूर्णपणे तयार होते. ते सांगायचे कुणाला, एवढेच त्यांना सुचत नव्हते.

स्क्रूवरच्या त्यांच्या बोटांवर सुनेने हात ठेवला. मग तिने यंत्र अलगद उचलून घेतले, खिडकीकडे पाठ केली आणि त्याचे टोक स्वतःच्या पोटावर टेकवले.

"सहा मिनिटंच ना, बाबा?" तिने विचारले. "लावा वेळ."

उंबऱ्यात पाठमोऱ्या सासूबाई थबकल्या. या वेळी हलू नका, असे कुणालाच सांगावे लागले नाही.