खिडकीपर्यंतची धून

"पाचवा नंबर, रणगाड्याच्या गेमचा," रोशनी मोबाईलसमोर बोलली.

"भांडे पडल्यावानी वाजते," तिची आजी, धुरपताबाई, पलंगावरून म्हणाली. "पाचवाच ठीक हाये."

नालवाडीच्या त्या घरात दर रविवारी हेच चाले. रोशनीच्या बापानं, अश्विननं, कुठून कुठून जुना डबा टीव्ही अन् गेमची जुनी मशीन मिळवली होती. लहानपणीच्या गेममधली एकेक धून लावायची, कोणती भारी ते ठरवायचं, पोरीनं त्याचा व्हिडिओ करायचा. आज शेवटचे पाच नंबर होते. चौथा मोटारसायकलच्या शर्यतीला गेला. तिसरा बर्फाच्या किल्ल्याला. दुसरा विमानाच्या गेमला देताना अश्विन डोळे मिटून बोलला, "मशीनीत सूर इनमिन तीन-चार. तरी खाली ढोलकी आयकू येते अन् वर बासरी."

पहिला नंबर बाकी होता. त्या गेमची कॅसेट त्याच्याकडं नव्हती. धून मात्र ओठावर होती. त्यानं शीळ घातली. शीळ चढत गेली, चढत गेली, अन् टोकाला पोचायच्या आधीच तुटली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

"बाबा, पुढं?"

"पुढची नाई येत मले."

"काऊन?"

"तिथं आली का लाईट जायची आपल्या गावची, रोहण्याची."

धुरपताबाईनं लेकाकडं पाहिलं. केस पिकले, सरकारी हापिसात साहेब झाला, पण धड खोटं बोलता येईना. दाढी करताना, गाडी पुसताना, ही शीळ ती वर्षानुवर्षं ऐकत होती. तुटायची ती तिथंच. ती उठली. प्लास्टिकची खुर्ची उचलली अन् बाहेर, खिडकीखाली, नेऊन ठेवली.

"आई, खुर्ची आत पाह्यजे ना. प्रफुल येऊन राह्यला कॅसेट घेऊन."

"त्याच्यासाठीच ठेवली."

प्रफुल म्हणजे रोहण्याच्या दुकानवाल्या शोभाबाईचा पोरगा. गावातली पहिली गेमची मशीन त्याच्याच घरी आली होती. फाटकातून शिरतानाच त्यानं "आश्या!" म्हणून हाक मारली अन् दारात धुरपताबाई दिसताच हात जोडले.

"नमस्कार मावशी."

लहान होता तेव्हा नुसतं धुरपता म्हणायचा.

"आत रेकॉर्डिंग चालू हाये, शेठ. पाय ठेवाले जागा नाई. बसा इथं, खिडकीपाशी. इथून सगळं आयकू येते."

प्रफुल पोट सावरत बसला. गजांतून आत डोकावून मोबाईलकडं बघत हसला. "पोरी, मलेही घे त्याच्यात. सांग लोकायले, तुह्या बाप आमच्याच घरी बसून शिकला हे सगळं. एका रिमोटवर खेळलो आमी! खरं का नाई रे आश्या?"

अश्विन खाली मान घालून वायर जोडत राहिला.

कॅसेट गजांतून आत आली. पिवळी, एक कोपरा उडालेली. अश्विननं हात पुढं केला.

"पिनायले हात नको लावू," प्रफुल म्हणाला. "थांब, मीच फुंकतो."

अश्विनचा हात होता तिथंच थांबला.

धुरपताबाईनं ती कॅसेट प्रफुलच्या बोटांतून ओढून घेतली. तोंडाशी धरून दणकून फुंकर मारली अन् लेकाच्या हातात दिली.

"लाव."

कोनाड्यातल्या बुद्धाच्या मूर्तीखाली टीव्ही खरखरला, निळा झाला, अन् धून सुरू झाली. शिळेतली तीच, पण भरलेली. शिळेत एकच सूर होता, इथं त्याच्या मागं दुसरा धावत होता, तिसरा त्याला अडवत होता. बाहेर प्रफुलनं खुर्चीच्या हातावर ठेका धरला. धून चढू लागली. रोशनीनं मोबाईल टीव्हीजवळ नेला. धुरपताबाईनं गजांतून हात बाहेर काढून खिडकीची दारं धरली.

ती जागा आली, शीळ तुटायची ती. धुरपताबाईनं दारं ओढली.

"आयकून झालं ना? जाय आता."

"मावशी?" बाहेरून प्रफुलचा आवाज आला. "मावशी, काय झालं वं?"

"हे मी नाई म्हणत. तुमची आई म्हणे. माह्या पोराचा पाय घरात चालत नव्हता तिले, म्हणून हा खिडकीखाली उभा राहे. धून इथवर आली का तोंडावर खिडकी लावे. रोज." तिनं कडी घातली. "रोशनी, तुह्या बापाले विचार, लाईट जायची का खिडकी."

रोशनीनं बापाकडं पाहिलं. मोबाईल तिच्या हातात चालूच होता.

अश्विनचं लक्ष टीव्हीकडं होतं. धून पुढं गेली होती. त्याला वाटलं होतं ती वर जाईल. ती वर गेलीच नाही. वळली, अन् हळूहळू, एकेक पायरीनं, खाली उतरली. त्याचे ओठ शिळेसाठी गोल झाले होते. शीळ काही निघाली नाही.

"आई," तो म्हणाला, "उघड वं."

"उघडीन ना. धून होऊ दे पह्यले."

बाहेर फाटक वाजलं नाही. खिडकीच्या फटीत सावली होती. प्रफुल कान लावून उभा होता.

धुरपताबाईनं ती सावली पाहिली. मग टीव्हीचं बटण पिळून आवाज कमी केला, घरातल्यांनाच ऐकू येईल एवढा.